धक्क्यावरचे आठ तास

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी अठ्ठावन्न वर्षांची, नाशिकची. बँकेतून दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आजवरचा सगळा प्रवास स्वतः आखून केला: एसटीने, रेल्वेने, पाठीवर सॅक घेऊन. लडाख केलं, हंपी केलं, मुलीबरोबर व्हिएतनाम केलं. यात्रा कंपनीच्या टूरला कधी गेले नाही. यंदा यजमानांना पासष्ट पूर्ण होताहेत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. चालतात, पण रोज हॉटेल बदलणं आणि बॅगा उचलणं होत नाही. नणंदबाई आणि त्यांच्या यजमानांनी भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ सुचवली आहे आणि ह्यांना ती मनापासून हवी आहे. एजंटने दोन मार्ग दिलेत. एक रोमहून निघून पालेर्मो, माल्टा, बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ करून परत रोमला येणारा. दुसरा व्हेनिसहून कोटोर, सँतोरिनी वगैरे. माझ्या पोटात गोळा येतो. हजारो माणसांबरोबर रांगेत उतरायचं, झेंड्यामागून फिरायचं, संध्याकाळी पुन्हा रांगेत चढायचं. नाही म्हटलं तर ह्यांचं मन मोडेल. गेले तर आठवडाभर कुढत बसेन का? की यातही आपल्या पद्धतीने फिरता येतं?"

प्रिय ताई,

जा. पहिला मार्ग घ्या, रोमहून निघणारा. आणि हो, आपल्या पद्धतीने फिरता येतं. फक्त तुमची-माझी एक जुनी सवय घरी ठेवून जावं लागेल. ती कोणती, हे मला एका दिवसाने शिकवलं. तो दिवस आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी आईला घेऊन मी अशाच सात रात्रींच्या क्रूझवर गेले होते. आईला समुद्र हवा होता आणि जिने नको होते. मी तोवर सगळं स्वतः ठरवून फिरलेली. बोट इटलीतल्या लिव्होर्नोला लागली त्या सकाळी आईला नाश्त्याच्या टेबलाशी बसवलं आणि एकटीच फ्लोरेन्सकडे धावले. लिव्होर्नो हे मालवाहू बंदर, त्यामुळे धक्क्यावरून पायी बाहेर पडता येत नाही. आधी शटल बस, मग गावातली बस, मग स्टेशन, मग जवळजवळ दीड तासाची गाडी. फ्लोरेन्सला पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. बोट संध्याकाळी सहाला सुटणार होती आणि साडेपाचच्या आत सगळ्यांनी वर असायला हवं होतं. हिशेब केला, तर माझ्या हातात जेमतेम साडेतीन तास होते. त्यातला एक कॅथीड्रलभोवतीच्या गर्दीत गेला. परत स्टेशनवर आले तर फलकावर माझ्या गाडीसमोर 'रद्द' लिहिलेलं. रेल्वेचा संप होता. तो आधी जाहीर झालेला होता, मी पाहिलं नव्हतं. तीन अनोळखी प्रवाशांबरोबर टॅक्सी वाटून घेतली आणि पाच वाजून पंचवीस मिनिटांनी बोटीची शिडी चढले. आई वर रेलिंगला धरून उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

इटलीतल्या संपाबद्दल एक गोष्ट तेव्हा कळली, ती लिहून ठेवा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांतल्या ठरावीक स्थानिक गाड्या चालवाव्याच लागतात. मधल्या वेळेची हमी नसते, आणि बोटीवरून उतरलेल्या माणसाचा सगळा दिवस नेमका त्या मधल्या वेळात येतो.

तर ती सवय ही. आपण स्वतः प्रवास आखणारी माणसं नकाशा उघडतो आणि जवळचं मोठं नाव शोधतो. एवढं आलोच आहोत, तर तेही करून टाकू, असं म्हणतो. जमिनीवरच्या प्रवासात ते चालतं. गाडी चुकली तर एक रात्र जास्त राहिलो, एवढंच. क्रूझवर तुमच्या वाट्याला धक्क्यावरचे आठ, फार तर नऊ तास येतात, आणि त्यातले चार तुम्ही रस्त्यावर घालवलेत तर मागे उरतो तो दिवस टूरच्या बसपेक्षा वाईट असतो. म्हणून माझा सल्ला एका ओळीचा आहे. ज्या गावाला बोट लागते, त्याच गावात दिवस काढा.

ही तडजोड वाटली, तर तुम्हीच तुमचे जुने प्रवास आठवून बघा. गाडी बदलायला म्हणून उतरलेलं एखादं आडबाजूचं गाव, तिथला बाजार, एखाद्या खानावळीतलं जेवण, हेच जास्त लक्षात राहतं ना? ही बंदरं तशीच आहेत. आणि बोटीवरची बहुतेक माणसं बसमध्ये बसून दुसरीकडे गेलेली असतात.

आता दुसऱ्या मार्गाला मी नको का म्हणते, ते थोडक्यात. ब्रोशरमध्ये 'व्हेनिस' लिहिलं असलं, तरी मोठ्या बोटी आता व्हेनिसच्या मधल्या कालव्यातून जात नाहीत. १ ऑगस्ट २०२१पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना तिथे बंदी आहे. मग बोट मार्गेराच्या औद्योगिक बंदरात लागते, नाहीतर त्रिएस्तला, नाहीतर थेट राव्हेन्नाला. राव्हेन्नाहून व्हेनिस बसने अडीच तासांच्या आसपास आहे. त्रिएस्त आणि राव्हेन्ना दोन्ही फार सुंदर गावं आहेत. राव्हेन्नाची पंधराशे वर्षांपूर्वीची मोझेक्स पाहायला तर मी पुन्हा जाईन. पण व्हेनिसच्या नावाने पैसे भरून तिथे उतरायचं, हे मला पटत नाही. एजंटला विचारा: बोट नक्की कोणत्या धक्क्याला लागणार?

सँतोरिनीला तर मोठ्या क्रूझ बोटींसाठी धक्काच नाही. बोट समुद्रात उभी राहते आणि लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. पूर्वी कोकणच्या आगबोटीतून हर्णैला पडावात उतरायचे, तसंच. होडीतून उतरल्यावर डोंगरावरच्या गावात जायला तीनच वाटा: ५८८ पायऱ्या, गाढव किंवा रोपवे. पायऱ्या तुमच्या यजमानांना अशक्य, गाढवावर मी कुणालाच बसू देणार नाही, आणि रोपवेची रांग बोटींच्या दिवशी उन्हात वळसे घेत उभी असते. २०२५पासून बेटावर दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे. ऐन हंगामात माणशी वीस युरो कर पडतो. शिवाय कोटोर मॉन्टेनेग्रोत, म्हणजे शेंगेनच्या, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, बाहेर. तिकडे जाऊन परत इटलीत यायचं तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. पहिल्या मार्गातली सगळी बंदरं इटली, माल्टा, स्पेन आणि फ्रान्स या शेंगेन देशांतली आहेत.

आता पहिला मार्ग. त्यातलं 'रोम' म्हणजे चिव्हितावेक्किया. रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरचं बंदर. इथे तुमच्या स्वभावाला भरपूर वाव आहे. क्रूझच्या आधी रोमला तीन-चार दिवस ठेवा आणि ते सर्वस्वी तुम्ही आखा. हॉटेल एकच घ्या, तेर्मिनी किंवा सान पिएत्रो स्टेशनजवळ, लिफ्ट आहे याची खात्री करून. दगडी फरसबंदीवर नव्या गुडघ्यांना त्रास होतो, म्हणून यजमानांसाठी रोज अर्धा दिवसच धरा, दुपारनंतर तुम्ही एकट्या निघा. बोटीच्या दिवशी चिव्हितावेक्कियाची स्थानिक गाडी पकडली, की तास-सव्वा तासात तुम्ही तिथे. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. स्टेशनपासून बंदरापर्यंत बस आहे. रोम आधी असं निवांत झालं, की क्रूझभर 'एवढ्या लांब आलो आणि काहीच नीट पाहिलं नाही' ही हुरहुर राहत नाही. दुसरं असं, की मुंबईहूनचं विमान उशिरा आलं किंवा बॅग मागे राहिली, तर सावरायला वेळ असतो. बोट सुटण्याच्या दिवशीच उतरणारं विमान एजंटने सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

पालेर्मोबद्दल मला किती लिहू असं होतं. धक्का गावालाच चिकटलेला आहे. फाटकातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललात की तुम्ही गावात. बाल्लारोचा बाजार आहे, तिथे सकाळी जा. विक्रेते तालासुरात ओरडतात, वांगी आणि टोमॅटोचे ढीग लागलेले असतात, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कढया असतात. त्या कढईत काय तळतात, ते जवळ जाऊन बघा. चण्याचं पीठ पाण्यात शिजवतात, आपल्या पाटवडीसारखं पातळ थापतात, कापतात, आणि ते काप तळून पावात घालतात. वर मीठ आणि लिंबू. याला पानेल्ले म्हणतात. मी पहिला घास घेतला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पाव हातात धरायची पद्धतसुद्धा आपल्या वडापावासारखी.

तुम्ही शाकाहारी आहात की नाही, हे पत्रात नाही. असाल तर हा बेसनाचा धागा धरून सगळा मार्ग करा, कारण तो या समुद्राच्या काठाकाठाने जातो. जिनोआत चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्यावर मोठ्या तांब्याच्या परातीत फारिनाता भाजतात, लाकडाच्या भट्टीत. बेसनाचं जाड धिरडंच ते, फक्त वरून खरपूस. लिव्होर्नोत तेच पावात घालून देतात आणि त्याला 'पाच आणि पाच' म्हणतात. पाच पैशांचा पाव आणि पाच पैशांचं धिरडं, असा जुना हिशेब त्या नावात आहे. मार्सेयला शिजवलेलं बेसन वळकटीत गोठवून, गोल चकत्या करून तळतात. त्या पानिस. गोदीत राबणाऱ्यांचं स्वस्त, पोटभरीचं खाणं एका बंदरातून दुसऱ्या बंदरात असं पसरलेलं आहे, आणि ते समजून घ्यायला बोटीसारखं वाहन नाही. रेल्वेने फिरलात तर या जागा सुट्या सुट्या दिसतात. बोटीने एकापाठोपाठ एक आल्या की त्या एकमेकींच्या शेजारणी आहेत हे कळतं.

पालेर्मोत आणखी एकच गोष्ट करा: नॉर्मन राजवाड्यातलं कापेला पालातिना. बाराव्या शतकात राजा दुसरा रॉजर याने बांधलेलं छोटं चर्च. भिंतींवर बायझंटाइन पद्धतीची सोनेरी मोझेक्स आणि वर मुसलमान कारागिरांनी कोरलेलं लाकडी छत. खाली मान घालून थोडा वेळ बसा, मग वर बघा. तिथे टॅक्सीने जाता येतं, यजमानांनाही न्या.

माल्टाबद्दल शेवटी लिहिते. तो दिवस वेगळा काढून ठेवायचा आहे.

बार्सिलोनाला मी कंजूषपणा करायला सांगेन. तिथे मोठ्या बोटींचा धक्का लांब आहे, बस कोलंबसच्या स्तंभापाशी सोडते. सग्रादा फमिलिया या प्रसिद्ध चर्चची तिकिटं ऑनलाइन आणि वेळ ठरवून काढावी लागतात. ती पाहायचीच असेल तर महिनाभर आधी सकाळी अकराच्या सुमाराची वेळ घ्या आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. मला विचाराल तर मी सान्ता मारिया देल मार या चर्चमध्ये जाऊन बसेन. चौदाव्या शतकात, १३२९ ते १३८३ या काळात ते उभं राहिलं. त्याचे दगड मोंजुईक टेकडीवरच्या खाणीतून बंदरातल्या हमालांनी वाहून आणले. मोबदला न घेता. दरवाज्यावर दगड वाहणाऱ्या त्या हमालांच्या छोट्या धातूच्या आकृत्या आहेत, त्या शोधा. बोटीने आलेल्या माणसाने बार्सिलोनात आधी कुणाला नमस्कार करायचा, तर त्यांना.

एक अवघड गोष्ट इथेच बोलते. बार्सिलोनाच्या लोकांना क्रूझच्या गर्दीचा वैताग आलेला आहे. तिथल्या महापालिकेने आणि बंदराने २०२५मध्ये ठरवलं, की २०३०पर्यंत क्रूझचे सात धक्के पाचवर आणायचे. व्हेनिस, दुब्रोव्हनिक, सँतोरिनी, सगळीकडे अशाच मर्यादा आल्या आहेत. त्या लोकांचं म्हणणं रास्त आहे. माणसं हजारोंनी उतरतात, दोन रस्ते तुडवतात आणि जेवायला परत बोटीवर जातात, कारण जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात. तुम्ही तसं करू नका. दुपारचं जेवण रोज गावात घ्या, गल्लीतल्या साध्या ठिकाणी. आपण पाहुणे म्हणून गेलो आहोत, तर यजमानाच्या घरात दोन घास खाल्ले पाहिजेत. या कारणासाठीही मी म्हणते, की बंदराच्याच गावात थांबा.

मार्सेय. शाळेत आपण त्याला मार्सेलिस म्हणत होतो. क्रूझचा धक्का शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटर आहे. शटल घ्या. उतरल्यावर म्युसेम नावाच्या संग्रहालयाकडे जा, २०१३मध्ये ते उघडलं. तिथून एका उंच, अरुंद पुलावरून सेंट जॉनच्या जुन्या किल्ल्यात जाता येतं. किल्ल्याच्या आवारात तिकीट नाही. तिथे सावलीत बसायला जागा आहेत आणि समोर जुन्या बंदराचं तोंड. ताई, तुम्ही नाशिकच्या. भगूर तुमच्या शेजारचं. ८ जुलै १९१०ला याच शहराच्या बंदरात 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून सावरकरांनी उडी मारली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयापर्यंत गेलं. २४ फेब्रुवारी १९११ला निकाल लागला, की ब्रिटनवर त्यांना फ्रान्सकडे परत देण्याचं बंधन नाही. आणि त्या उडीनंतर २१ वर्षांनी, ११ सप्टेंबर १९३१ला, गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी 'राजपुताना' बोटीतून याच बंदरात उतरले. विमानांच्या आधीच्या काळात मुंबईहून विलायतेला निघालेली कितीतरी माणसं इथे बोट सोडून रेल्वेने पुढे जात. युरोपातल्या सगळ्या शहरांत मला हे सर्वांत ओळखीचं वाटलं. पाण्याकडे बघत तासभर बसले होते. तुम्हीही बसा, घाई करू नका.

जिनोआ हे स्वतंत्र फिरणाऱ्याचं बंदर आहे. बोट लागते तिथून रेल्वेचं मुख्य स्टेशन आणि मेट्रो हाकेच्या अंतरावर. जुन्या गावातल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की दोन्ही हात पसरले तर भिंती लागाव्यात. त्या गल्ल्यांतून अचानक व्हिया गारिबाल्दी नावाचा राजवाड्यांचा रस्ता लागतो. सोळाव्या शतकात जिनोआच्या प्रजासत्ताकाने श्रीमंतांच्या वाड्यांच्या याद्या केल्या होत्या. परदेशातून सरकारी पाहुणा आला की यादीतल्या एखाद्या वाड्याने त्याची उतरण्याची सोय करायची. त्यातले ४२ वाडे आता जागतिक वारशात आहेत. पोर्तेल्लो चौकातून सार्वजनिक लिफ्टने कास्तेल्लेत्तोच्या गच्चीवर जाता येतं, तिथून सगळं बंदर आणि तुमची स्वतःची बोट दिसते. यजमानांना तिथे नक्की न्या. एकही पायरी न चढता एवढं दृश्य त्यांना दुसरीकडे मिळणार नाही.

आता थोडं व्यवहाराचं. बोटीच्या सहली, म्हणजे त्यांच्या बसने जाणाऱ्या, या मार्गावर तुम्हाला एकही लागणार नाही. मात्र त्यांचा एक खरा फायदा आहे: त्यांची बस अडकली तर बोट थांबते. तुम्ही एकट्या अडकलात तर थांबत नाही. म्हणून परतीच्या वेळेच्या दीड तास आधी धक्क्याच्या दिशेने निघायचंच, हा नियम स्वतःला घाला. रोज केबिनमध्ये किंवा बोटीच्या ॲपवर दिवसाचं पत्रक येतं. त्यात त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढा, धक्क्याच्या नावाचाही काढा. बोटीची वेळ आणि गावाची वेळ एकच आहे ना, तेही पत्रकात बघा. पासपोर्ट बोटीवाल्यांनी ठेवून घेतला तर त्याची आणि व्हिसाची प्रत जवळ असू द्या. समुद्रात मोबाईल विमान-मोडवर ठेवा, कारण बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क तुमच्या युरोपच्या सिमकार्डात धरलेलं नसतं आणि बिल भयंकर येतं. सकाळी उतरताना पहिल्या अर्ध्या तासात उतरा किंवा बसवाले गेल्यावर. मधली वेळ रांगेत जाते. सुरक्षेच्या सरावाला दोघंही मनापासून हजर राहा. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कॉनकॉर्डिया' बुडाली, ३२ माणसं गेली, आणि त्या बोटीवर नव्याने चढलेल्या अनेकांचा सराव तोवर झालेलाच नव्हता.

केबिन बाल्कनीची घ्या. तुमच्यासाठी नव्हे, यजमानांसाठी. तुम्ही दिवसभर बाहेर असाल, तेव्हा त्यांना समुद्र बघत पाय वर करून बसता आलं पाहिजे. मधल्या मजल्यावरची, लिफ्टपासून फार लांब नसलेली मागा. दर वाचताना माणशी रोजचा सेवा आकार, पेयं आणि वायफाय वेगळे धरलेत का ते विचारा. जुलै-ऑगस्ट टाळा. मे किंवा सप्टेंबरचा शेवट उत्तम. व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जास्त दिवस इटलीत जाणार असल्याने अर्ज इटलीकडे. विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नका. समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि गुडघ्यांचं आधीचं दुखणं त्यात धरलंय का, हे लेखी घ्या.

राहिला घरातला प्रश्न, आणि मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा गोळा तोच आहे. चौघं एकत्र निघायचं आणि रोज सकाळी तुम्ही एकट्या सॅक घेऊन बाहेर पडायचं, हे नणंदबाईंना तुटकपणाचं वाटेल, ही भीती. ते तिथे जाऊन, पालेर्मोच्या सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर सांगू नका. आत्ता, पैसे भरण्याच्या आधी सांगा. फोनवर नको, घरी बोलवा. "रात्रीचं जेवण रोज चौघं एकत्र, समुद्रातला दिवस पूर्ण एकत्र, पत्त्यांचा डाव माझ्याकडून. बंदराच्या दिवशी सकाळी मी चालायला जाणार, ज्याला यायचं त्याने यावं, नाही आलं तर मी रागावणार नाही आणि तुम्हीही रागवायचं नाही." एवढं सरळ बोललं की लोक सहसा मोकळे होतात. कदाचित नणंदबाईच दुसऱ्या दिवशी बूट घालून दाराशी उभ्या राहतील. माझ्या आईने जिनोआत तेच केलं. लिव्होर्नोच्या त्या प्रकारानंतर ती म्हणाली, "आज मी येते, म्हणजे तू वेळेत परत येशील." आम्ही दोघींनी भिंतीला टेकून उभ्याने फारिनाता खाल्ला आणि गल्लीच्या तोंडाशी एका बाकावर बसून राहिलो. ती माझी त्या प्रवासातली सगळ्यांत चांगली दुपार.

हे सगळं करूनही बोट तुम्हाला मानवली नाही, तर पुढच्या वेळी याच समुद्रात साध्या फेरीबोटी आहेत. रात्री नेपल्सला चढायचं, सकाळी पालेर्मोला उतरायचं, आणि तिथे हवे तितके दिवस राहायचं. चिव्हितावेक्कियाहून बार्सिलोनालाही तशी बोट जाते, वीस तासांच्या आसपास लागतात. तो तुमचा प्रवास आहे, मुलीबरोबर करा. यंदाचा ह्यांचा आहे.

आणि म्हणून माल्टा. त्या दिवशी एकट्याने बाहेर पडू नका. आदल्या रात्री पत्रकात बोट बंदरात शिरण्याची वेळ बघा आणि त्याच्या तासभर आधीचा गजर लावा. ह्यांना उठवा, शाल द्या, दोघं वरच्या डेकवर जा. माल्टाची राजधानी व्हॅलेटा, तिचं बंदर म्हणजे दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडी तटबंद्या आणि मधून हळूहळू सरकणारी बोट. तुर्कांच्या १५६५च्या वेढ्यानंतर बांधलेलं हे शहर समुद्रातूनच पाहायचं असतं, विमानाने येणाऱ्याला ते असं भेटत नाही. नाश्ता करून सावकाश उतरा. धक्क्यापासून थोडं चाललं की तटाला लागून उंच लिफ्ट आहे, अठ्ठावन्न मीटर. ती थेट वरच्या बराक्का बागेत सोडते. तिथून सेंट जॉनचं को-कॅथीड्रल जवळ आहे. इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्योने माल्टात असताना, १६०८मध्ये रंगवलेलं मोठं चित्र तिथे आहे, त्याने सही केलेलं एकमेव. रविवारी ते पर्यटकांना बंद असतं, तेवढं बघा. परत येऊन बागेच्या कमानींखाली बाक मिळवा. खाली तोफा मांडलेल्या दिसतील. बाराच्या ठोक्याला त्यातली एक उडते, रोज. आवाज मोठा असतो, ह्यांना आधी सांगून ठेवा.